थंड पाण्यातलं गरम कासव

डिसेंबर-जानेवारीत कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा पाच अंशांखाली उतरला, की निफाडच्या द्राक्षबागांत पहाटे शेकोट्या पेटतात. मण्यांना तडे गेले तर वर्षाची मेहनत वाया. त्याच बांधावरचे साप-सरडे मात्र बिळात गपगार पडून असतात. ऊन अंगावर आल्याशिवाय त्यांचं शरीर चालत नाही. लेदरबॅक हे समुद्री कासवही सरपटणाऱ्यांच्याच गोतातलं, आणि तरी ते उत्तर अटलांटिकच्या गारठ्यात खुशाल पोहतं. १९७२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका नोंदीत पाणी होतं साडेसात अंशांचं आणि कासवाचं आतलं तापमान त्याहून तब्बल १८ अंशांनी जास्त!

ही ऊब टिकते ती मुख्यतः आकारामुळे. १९८८ मध्ये वेल्समधल्या हार्लेकच्या किनाऱ्यावर वाहून आलेला नर ९१६ किलोंचा होता. पंगतीच्या टोपातला चहा कपातल्यापेक्षा उशिरा निवतो, तसंच एवढं धूड सावकाश थंड होतं. त्यात कातडीखाली चरबीचा जाड थर. पाठीला टणक कवच नाहीच. चामड्यासारखी कातडी आणि तिच्यावर सात लांब कंगोरे.

मला खरी कमाल वाटते ती वल्ह्यासारख्या पायांची. तिथल्या रोहिणी आणि नीला एकमेकींना खेटून असतात. बाहेर निघालेलं गरम रक्त आपली उष्णता परतणाऱ्या थंड रक्ताला वाटेतच देऊन टाकतं. पाय गार पडले तरी पोट गरम राहतं.

एवढा खटाटोप कशासाठी? जेलीफिशसाठी! ते जवळजवळ सगळं पाणीच, त्यामुळे खावंही भरमसाट लागतं: कॅनडालगतच्या समुद्रातल्या अभ्यासात दिवसाला सरासरी सुमारे ३३० किलो. बुळबुळीत भक्ष्य निसटू नये म्हणून घशात आत वळलेले काटे असतात. पण त्याच काट्यांमुळे गिळलेली प्लॅस्टिकची पिशवीही सहसा बाहेर येत नाही.

कोकणात वेळास-आंजर्ल्याला नाशिककर पाहायला जातात ती ऑलिव्ह रिडलेची पिल्लं. लेदरबॅक भारतात अंडी घालतं ते अंदमान-निकोबारला. लिटल अंदमानहून उपग्रह-टॅग लावून सोडलेल्या माद्यांपैकी काही ऑस्ट्रेलियाच्या बाजूला गेल्या, काही थेट आफ्रिकेकडे. पिल्लू मात्र जेमतेम ५० ग्रॅमचं. त्याला ऊब धरायला अंगच नाही. म्हणून पाठ मीटरभर लांब होईपर्यंत ही कासवं २६ अंशांहून उबदार पाण्यातच आढळतात.