मोठा एअर फिल्टर लावला की विमानाची पावर वाढते? खुलासा

इंदूरला सराफ्यात (रात्रीच्या खाऊगल्लीत) गराडू, म्हणजे तळलेला कंद, खाताना हा वाद कितीदा ऐकलाय, की बुलेटला कोनवाला (शंकूच्या आकाराचा, उघडा) फिल्टर लावला की गाडी पळते, मग छोट्या विमानाच्या इंजिनाला तसाच कस्टम फिल्टर लावला तर पावर वाढलीच पाहिजे. नाही हो, भाऊ.

टर्बो (हवा दाबून भरणारा पंखा) नसलेलं इंजिन बाहेर जेवढा दाब आहे तेवढीच हवा ओढणार. इंदूरचं विमानतळ साधारण 560 मीटर उंचीवर, म्हणजे समुद्रसपाटीला 29.92 इंच (पाऱ्याचा) असलेला दाब इथं 28 च्या आसपास, आणि स्वच्छ फिल्टरमुळे त्यातला इंचाचा छोटासाच भाग जातो. वाचवून वाचवणार किती? उलट तो कोन काउलिंगच्या, म्हणजे इंजिनावरच्या झाकणाच्या, आत उघडा ठेवला तर इंजिन गरम हवा पितं, दर 5-6 अंशांमागे साधारण 1 टक्का पावर गेली, 20 अंश जास्त तर 3 टक्क्यांच्या वर. कमावलं ते तिथंच गेलं!

छोट्या विमानांत असणाऱ्या कार्बोरेटरवाल्या रोटॅक्स 912 इंजिनावर तर अजून एक गोम आहे, त्याच्या दोन्ही बिंग कार्बोरेटरच्या फ्लोट चेंबरची (पेट्रोल साठणाऱ्या वाटीची) व्हेंट नळी एअरबॉक्सच्याच (कार्बोरेटरला हवा देणाऱ्या डब्याच्याच) दाबाला जोडलेली असावी लागते, घरी बनवलेल्या डब्यात ती बाहेर लटकत राहिली की मिश्रण बिघडतं, आणि ते जमिनीवर नाही, हवेत कळतं.

अजून एक, बऱ्याच विमानांत कार्ब हीट (कार्बोरेटरला गरम हवा देणारा खटका) ओढली की हवा फिल्टरला वळसा घालून येते, म्हणून मे महिन्याच्या धुळीत टॅक्सी करताना, म्हणजे विमान जमिनीवर चालवताना, ती उगाच ओढून ठेवू नका.

आणि सर्टिफाइड (सरकारी प्रमाणपत्र मिळालेलं) विमान असेल तर मंजुरीशिवाय फिल्टर बदलायचाच नाही, मग तो कितीही भारी असो.