पाणी ३९ फुटांवर जाण्याआधी

जुलै लागला की कोल्हापुरात सकाळचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी किती फूट? ३९ ला इशारा, ४३ ला धोका, हे इथं शाळकरी पोरंही सांगतात. २००५ च्या महापुराच्या खुणेवर विसंबलेल्या अनेकांची २०१९ ला फसगत झाली. तेव्हा पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली आणि दोनच वर्षांनी, जुलै २०२१ मध्ये, त्याहूनही वर चढली. थोड्या दिवसांत धो धो कोसळणारा पाऊस आता नवलाचा राहिलेला नाही. म्हणून आमच्या विमा कार्यालयाच्या सर्व ग्राहकांना कळकळीची विनंती आहे, पॉलिसी मे महिन्यातच कपाटातून काढून वाचा. पाणी दारात आल्यावर घेतलेला विमा त्या पुराला उपयोगी पडत नाही.

दुकानदारांनी आधी विमा रक्कम पाहावी. समजा दुकानात २० लाखांचा माल आहे आणि हप्ता वाचवायला विमा १० लाखांचाच काढला. ४ लाखांचा माल भिजला, तर ४ नव्हे, २ लाखच मिळतात, कारण निम्म्या मालाचा विमाच नव्हता. ५ कोटींपर्यंतच्या मालमत्तेसाठी असलेल्या ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ पॉलिसीत विमा रकमेतली १५ टक्क्यांपर्यंतची तूट माफ असते, त्याहून जास्त नाही. आणि आपल्याकडची खरी अडचण अशी, की गणपतीचा माल याच दिवसांत भरलेला असतो. शाहूपुरी, बापट कॅम्प इथल्या कुंभार बांधवांच्या मूर्ती तर ऐन पुराच्या तोंडावर रंगून तयार असतात. तेव्हा विमा रक्कम मार्चच्या नव्हे, ऑगस्टच्या मालावर ठरवा. दुसरीकडं गोदाम असेल तर तो पत्ताही पॉलिसीत हवाच.

कॅश क्रेडिट, म्हणजे मालाच्या तारणावरचं बँकेचं कर्ज, असेल तर बँकेनं काढलेला विमा बहुतेक वेळा तारण मालापुरता असतो. फर्निचर, मशीन त्यात आहे का, विचारून घ्या. घरकर्जाबरोबरच्या पॉलिसीतही काही वेळा फक्त इमारत असते. ‘भारत गृह रक्षा’मध्ये इमारतीच्या विमा रकमेच्या २० टक्के, कमाल १० लाखांपर्यंत, घरातलं सामानही धरलेलं असतं. भाडेकरूंनाही नुसत्या सामानाचा विमा काढता येतो.

गाडीला फक्त थर्ड पार्टी, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीपुरता विमा, असेल तर पुराचा एक रुपयाही मिळत नाही. पूर्ण विमा असला तरी पाण्यात बुडालेली गाडी स्टार्ट करू नका. इंजिनात पाणी ओढलं जातं आणि इंजिन संरक्षणाची जोड नसेल तर तो खर्च नाकारला जाऊ शकतो. गाडी ओढूनच न्या.

३९ फूट झाले की माल हलवायला लागा, ४३ ची वाट पाहू नका. नदी लांब असली तरी जयंती नाल्याचं पाणी उलटं फिरून गल्लीत शिरतं. हलवण्याआधी मोबाईलवर मालाचा व्हिडिओ काढा, बिलांचे फोटो घ्या आणि आम्हाला पाठवून ठेवा, म्हणजे फोन भिजला तरी पुरावा राहील. माल दुसऱ्या जागी नेत असाल तर तो पत्ता त्याच वेळी कळवा.

पाणी ओसरल्यावर घाण काढायची घाई होते, ते आम्ही समजू शकतो. तरी सर्वेअर, म्हणजे नुकसान तपासणारा माणूस, येईपर्यंत भिजलेला माल फेकू नका. वास मारू लागला तर आधी फोटो काढा आणि आम्हाला फोन करा. दाव्याचे पैसे यायला वेळ लागतो, म्हणून एक महिन्याचं भाडं आणि कामगारांचे पगार वेगळ्या खात्यात ठेवलेले बरे.

पॉलिसी आणि गेल्या ऑगस्टचा स्टॉक घेऊन मे महिन्यात एकदा कार्यालयात या. तपासणीसाठी वेगळे पैसे लागणार नाहीत.