डुकरांची वाहतूक: दोष रक्तात की रॅम्पवर?

ट्रकमध्ये चढवताना धडधाकट डुक्कर मध्येच थांबतं. तोंड उघडून धापा टाकू लागतं, कातडीवर लालसर-निळे चट्टे उमटतात, शेपटी आणि मागचे पाय थरथरतात. काही वेळातच ते आडवं होतं. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोप-अमेरिकेतल्या वराहपालकांना हे वारंवार दिसू लागलं, ते मुख्यतः कमी चरबीच्या, पिळदार वाणांत. बेल्जियमची पिएट्रेन जात त्यात ठळक. १९६८ साली या विकाराला 'पोर्साइन स्ट्रेस सिंड्रोम', म्हणजे डुकरांचा ताण-विकार, हे नाव मिळालं.

उलगडा झाला तो भूलशास्त्राच्या वाटेने. भूल दिल्यावर अंग भयंकर तापून माणसं दगावतात, अशा एका कुटुंबाची नोंद मेलबर्नच्या डॉक्टरांनी १९६० मध्ये केली होती. १९६६ मध्ये ब्रिटनमध्ये हॅलोथेन या वायूची भूल दिलेल्या लँडरेस जातीच्या डुकरांतही तसंच घडलं. त्यावरून पुढे चाचणी निघाली: पिलाला मास्कमधून थोडा वेळ हॅलोथेन द्यायचं, पाय ताठरले की ते पैदाशीतून बाद. पण आई-बापांपैकी एकाकडूनच दोष आलेली पिलं या चाचणीतून सहीसलामत सुटत. १९९१ मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी नेमका जनुकीय बदल दाखवला. त्यामुळे स्नायूंच्या पेशींत कॅल्शियम बेसुमार सुटतं, स्नायू आखडतात, अंग तापतं, आम्ल साठतं. अशा डुकरांचं मांस फिकट आणि पाणचट निघतं ते यामुळे. आता डीएनए तपासणीने छुपे वाहकही ओळखता येऊ लागले, आणि अनेक देशांतल्या पैदास कळपांतून हा जनुक जवळपास हद्दपार झाला.

तरीही डुकरं कोसळायची थांबली नाहीत. निर्दोष जनुकाचं डुक्करही रॅम्प चढताना दमतं, कारण त्याला घामाने अंग गार करता येत नाही. माझ्या मते जनुकावर खापर फोडण्यात बराच काळ गेला आणि रॅम्पकडे उशिरा लक्ष गेलं.

कायद्याचंही तेच. जनावरांना सलग २८ तासांपेक्षा जास्त कोंडून नेऊ नये, हा अमेरिकेचा कायदा १८७३ चा, पण रेल्वेपुरता. तो ट्रकलाही लागू होतो हे तिथल्या कृषी खात्याने मान्य केलं २००६ मध्ये. युरोपीय संघाच्या २००५ च्या नियमावलीत मात्र थेट हाताळणीच आली: डुकरांसाठी रॅम्पचा चढ २० अंशांपेक्षा जास्त नको, विजेचा झटका शक्यतो टाळायचा, द्यावाच लागला तर प्रौढ जनावराला, फक्त मागच्या स्नायूंवर, एका सेकंदाहून जास्त नाही, आणि तोही पुढे जायला जागा असेल तरच.

ही शेवटची अट मला सर्वांत मोलाची वाटते. रॅम्पच्या तोंडाशी सावलीची आडवी रेघ पडली, तरी पहिलं डुक्कर तिथे थबकतं, नाक खाली घालून हुंगतं. मागची त्याच्यावर आदळतात, आणि माणूस झटका देतो तो सर्वांत मागच्याला, ज्याच्यापुढे पाऊल टाकायलाही जागा नसते. चार-पाचच डुकरं एका वेळी न्यायची, मागे हातात फळी धरून चालायचं आणि पहिल्याला हुंगू द्यायचं; मग ती बहुधा आपणहून चढतात.