धरण भक्कम आहे, मग ‘उच्च धोका’ कसा?

धरणाच्या पाहणीचा आमचा अहवाल हातात पडला की बहुतेक तलावमालकांचा पहिला फोन याच प्रश्नासाठी येतो. भिंतीला भेग नाही, उतार ढासळलेला नाही, माथा कुठे खचलेला नाही, आणि तरी पहिल्याच पानावर ‘उच्च धोका वर्ग’! म्हणून हे पत्रक.

धोका वर्ग हा धरणाच्या तब्येतीचा शेरा नाही. धरण फुटलंच, तर खाली कोणाचं काय जाईल, एवढंच तो सांगतो. माणसाचा जीव जाण्याची शक्यता असेल तर वर्ग उच्च. जीव वाचतील, पण रस्ता, वीज किंवा दुसऱ्याची मालमत्ता यांचं मोठं नुकसान होईल तर मध्यम. नुकसान मुख्यतः मालकाच्याच जमिनीपुरतं राहणार असेल तर कमी. वर्गांची नावं नियमांप्रमाणे बदलतात, विचार मात्र हाच. तब्येत आम्ही वेगळ्या पानावर लिहितो. कालच बांधलेलं निर्दोष धरणही उच्च वर्गात बसू शकतं, आणि निर्जन माळावरचं गळकं धरण कमी वर्गात. त्यामुळे निव्वळ वर्ग उतरवायचा म्हणून भिंतीवर खर्च करू नका. तो तसा उतरत नाही.

‘आमचा तलाव तो केवढासा’ हेही आम्ही नेहमी ऐकतो. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातलं केली बार्न्स हे मातीचं धरण जेमतेम १२ मीटर उंच होतं. वीजनिर्मिती थांबल्यानंतर त्याचा तलाव विरंगुळ्यापुरता उरला होता. ६ नोव्हेंबर १९७७ च्या पहाटे, मुसळधार पावसानंतर ते फुटलं आणि खालच्या महाविद्यालयाच्या आवारातली ३९ माणसं गेली. लोक झोपेत होते.

आता ती चूक, जी तुमचे आणि आमचे सर्वांत जास्त दिवस खाते. धरणाच्या पायथ्याशी सपाट जागा असते, वारा अडलेला असतो, गवत हिरवंगार असतं. तिथे तंबू किंवा कॉटेज उभारायचा मोह होतो. आमचा अभ्यास पुरा होतो, अहवाल जातो, आणि पुढच्या भेटीत ओढ्याकाठी चार खोल्या उभ्या दिसतात. रात्री तिथे माणसं झोपणार म्हणजे वर्ग वर सरकला. वर्ग वाढला की सांडवा, म्हणजे तलावातलं जादा पाणी बाहेर काढणारी वाट, आधीपेक्षा मोठ्या पुरासाठी तपासावा लागतो, बऱ्याचदा रुंद करावा लागतो, आपत्कालीन आराखडा लागतो. सगळी आकडेमोड पहिल्यापासून. खोल्या बाजूच्या चढावर घेतल्या असत्या तर यातलं काहीच लागलं नसतं. शिवाय गवत नेमकं पायथ्याशीच इतकं हिरवं का, हेही बघायला हवं. तो पाझर असू शकतो.

म्हणून पाया खणण्याआधी जागेचं साधं हाताने काढलेलं रेखाटन पाठवा. पाणी कुठवर येईल ते नकाशावर दाखवून देतो. जुन्या ग्राहकांकडून याचे पैसे घेत नाही.

पहिल्या दिवशी आमची माणसं धरणाकडे पाठ करून ओढ्याने खाली चालत जातात, तेव्हा काही मालक वैतागतात. पण वर्ग तिथेच ठरतो. शेजाऱ्याने गेल्या वर्षी बांधलेलं घर तुमच्या फोटोत येत नाही. म्हणूनच आम्ही फोनवर किंवा फोटोवरून वर्ग सांगत नाही आणि दर काही वर्षांनी पुन्हा चालून येण्याचा आग्रह धरतो.

तब्येतीबद्दल थोडक्यात. भिंतीवर झाडं वाढू देऊ नका, बिळं दिसली की कळवा. पाझराचं पाणी नितळ असेल तर त्यावर नजर ठेवा, गढूळ झालं तर त्याच क्षणी फोन करा, कारण मग आतली माती वाहून निघालेली असते. पाहणीच्या आधी ओली जागा मुरूम टाकून झाकू नका; आम्हाला ती उघडीच बघायची असते.

आणि मासे वाहून जातात म्हणून सांडव्याला जाळी बसवू नका. पेनसिल्व्हेनियातल्या साउथ फोर्क धरणाचा तलाव मासेमारीची हौस असलेल्या एका क्लबचा होता. सांडव्यावरच्या माशांच्या जाळ्यांत पालापाचोळा अडकला, तळातून पाणी सोडायचे नळ आधीच काढून टाकलेले होते. ३१ मे १८८९ रोजी पाणी माथ्यावरून गेलं, धरण फुटलं आणि २,२०० हून अधिक माणसं दगावली. मासे राखायचे दुसरे उपाय आहेत. भेटीच्या वेळी विचारा, तुमच्या सांडव्यापाशी उभं राहूनच सांगू.