गाडीचा वेग दाखवणाऱ्या मीटरचा काटा हलत नाही? नवीन मीटर शोधण्याआधी केबल बघा
(जुन्या गाड्यांच्या मालकांसाठी माहितीपत्रक, आमच्या गॅरेजतर्फे, सांगली)

पद्मिनी, ॲम्बॅसेडर, हेराल्ड, जुनी जीप, सुरुवातीच्या मारुती ८००. या गाड्या घेऊन येणारे मालक बहुधा एकच प्रश्न विचारतात, "मीटर गेलंय, दुसरं मिळेल का?" मूळ मीटर आता सहज मिळत नाही. जुन्या बाजारातलं आणलं तर ते कुठल्या गिअरबॉक्सला जुळणारं आहे हे कळत नाही आणि वेग चुकीचा दिसतो. शिवाय पुष्कळदा मीटरला काही झालेलंच नसतं. केबल सुटलेली किंवा अर्धवट बसलेली असते, नाहीतर आतली तार तुटलेली असते.

केबल म्हणजे बाहेर एक नळी आणि आत पीळ दिलेली पोलादी तार. सायकलच्या ब्रेकच्या वायरसारखीच दिसते, पण ती ओढली जाते आणि ही गरागरा फिरते. गिअरबॉक्सकडची छोटी गरारी, म्हणजे दातांचं चाक, तार फिरवते आणि तारेचं चौकोनी टोक मीटरमधला लोहचुंबक फिरवतं. चुंबकाभोवती ॲल्युमिनियमची वाटी असते. दोघांचा एकमेकांना स्पर्श होत नाही. फिरत्या चुंबकामुळे वाटीत वीजप्रवाह तयार होतात, त्यांच्या जोराने वाटी वळू पाहते आणि केसासारखी बारीक स्प्रिंग तिला मागे खेचते. या रस्सीखेचीत वाटीला जोडलेला काटा जिथे थांबतो, तो तुमचा वेग. जर्मनीच्या ओटो शुल्झे यांनी १९०२ साली पेटंट घेतलेली ही रचना आहे. किलोमीटरचे आकडे मात्र त्याच तारेवर दातांच्या चाकांनी फिरतात, त्यात चुंबकाचा संबंध नाही.

हे सांगायचं कारण, दोष कुठे आहे ते ड्रायव्हरच्या सीटवरूनच कळतं. काटा आणि आकडे दोन्ही बंद असतील तर केबल किंवा खालची गरारी. आकडे पळतात पण काटा मेलेला, तर केबल ठणठणीत आहे, बिघाड मीटरमध्ये. काटा चालतो पण आकडे थांबलेत, तरी बिघाड मीटरमध्येच. काटा मधेच पडतो आणि खड्ड्यात आदळल्यावर पुन्हा उठतो, तर चौकोनी टोक नीट बसलेलं नाही. काटा नाचतो, डॅशबोर्डमागून टिकटिक ऐकू येते, तर तार कोरडी पडलीय किंवा तिला मुरड पडलीय.

आता जोडण्याचं काम. आधी बॅटरीची अर्थची (गाडीच्या बॉडीला जोडलेली) वायर काढा, कारण मीटरमागे दिव्यांच्या वायरी असतात आणि हात लोखंडाला लागतो. काही जुन्या इंग्लिश गाड्यांत पॉझिटिव्ह टर्मिनल अर्थ असतं. म्हणून रंगावर जाऊ नका, बॉडीला बोल्टने कसलेली वायर कोणती ते बघून तीच काढा. मग मीटरमागे हात घालून केबल हाताला लागते का बघा. वरचं टोक लोंबत असेल तर निम्मं काम झालं.

खालचं टोक शाबूत आहे का, हे गाडीखाली न जाता तपासता येतं. सपाट जागेवर गाडी न्यूट्रलला ठेवा, हँडब्रेक सोडा, एकाने गाडी पाच-सहा मीटर हळू ढकलावी आणि दुसऱ्याने वरच्या टोकातली तार बघावी. फिरली तर जोडायला हरकत नाही. फिरली नाही तर तार हलकेच बाहेर ओढा. तुकडा हातात आला तर तुटली. अख्खी आली तर खालचं टोक सुटलंय किंवा गरारी गेलीय. त्यासाठी गाडी घोडीवर (पक्क्या लोखंडी स्टँडवर) घ्यावी लागते; नुसत्या जॅकवर कुणीही गाडीखाली शिरू नये.

जोडताना मालकच काय, मिस्त्रीही घाई करतात. तारेचं चौकोनी टोक मीटरच्या चौकोनी खाचेत आपोआप जात नाही. नळी भोकासमोर सरळ धरा आणि बोटांनी तार थोडी थोडी फिरवत पुढे ढकला. एका क्षणी ती आत जाते आणि नळी मीटरला टेकते. टेकल्यावरच नट फिरवायचा, तोही बोटांनी. नळी अजून मागे उसळत असेल तर टोक बाहेरच आहे. तशातच पाना लावून नट आवळला तर तार आतल्या दांड्याला दाबते, दांड्याची बैठक खराब होते किंवा मीटरची गळ्यासारखी नळीच चिरते. मग खरंच नवीन मीटर शोधत फिरायची वेळ येते. मीटरच्या नटाला पक्कड लागू नये, एवढं पाळलं तरी पुष्कळ. नंतरच्या काही गाड्यांत नटाऐवजी प्लास्टिकची खिट्टी असते, तिथे 'टक्' असा आवाज येईपर्यंत दाबायचं.

ग्रीस लावायचं, पण बेतानं. तार बाहेर काढून पुसा, खालच्या दोन तृतीयांश भागाला ग्रीसचा पातळ हात द्या आणि मीटरकडची साधारण २० सेंटिमीटर तार कोरडीच ठेवा. फिरती तार ग्रीस वर चढवते. ते मीटरमध्ये शिरलं की वाटी चुंबकासोबत ओढली जाते आणि उभ्या गाडीतही काटा भलत्याच आकड्यावर अडकतो. केबलमधून वरपर्यंत गिअरऑइल आलं असेल तर खालचं सील गेलंय. ते बदलल्याशिवाय केबल बदलण्यात अर्थ नाही.

केबल का सुटली, हेही बघा. क्लचप्लेटसाठी गिअरबॉक्स उतरवला आणि परत चढवताना केबल ओढून बसवली किंवा मधेच चेपली, हे आम्ही सारखं बघतो. टेप, वायपर किंवा वायरिंगच्या कामात वरचं टोक काढून तसंच सोडलेलंही सापडतं. इंजिन ज्यांवर टेकतं ती रबरं दबली असतील तर प्रत्येक झटक्याला केबल खेचली जाते. पत्र्यातल्या भोकाचं रबर गायब असेल तर नळी घासून फाटते. वळण मोठं ठेवा, साधारण १५ सेंटिमीटर त्रिज्येपेक्षा आवळ वाकवू नका.

पुरात उभ्या राहिलेल्या गाड्यांबद्दल वेगळं सांगायला हवं. २००५, २०१९ आणि २०२१ साली सांगलीत गावभागात, शामरावनगरात कृष्णेचं पाणी घरात शिरलं, तिथे गाड्यांचं काय! इंजिन धुतलं, सीट वाळवली, पण केबलच्या नळीत गाळ तसाच राहिला. वरून तेल सोडून उपयोग होत नाही, गाळ आणि तेल मिळून तार कापणारा लेप तयार होतो. तार काढून डिझेलने धुवा, वाळवा. नळी आतून गंजली असेल तर पूर्ण केबल बदला. मीटरमध्ये पाणी गेलं असेल तर काच स्वतः उघडू नका, ती बारीक स्प्रिंग बोटाच्या धक्क्यानेही वाकते.

केबल वर सुटलेली ठेवून गाडी चालवू नका. लोंबती तार फिरत फिरत बाहेर सरकते आणि पेडलच्या वाटेत येते. दुसरं म्हणजे, तेवढे किलोमीटर मोजलेच जात नाहीत, ऑइल बदलण्याचा हिशेब चुकतो. आम्ही बिलावर मीटरचं रिडिंग लिहून देतो. विकण्याआधी आकडे मागे घेऊन द्या, असं कुणी सांगितलं तर ते काम आम्ही करत नाही.

जोडल्यावर मीटर खरं सांगतंय का, ते मोकळ्या हायवेवर किलोमीटरच्या दगडांवरून कळतं. काटा ४० वर स्थिर ठेवला तर दोन दगडांमधलं अंतर दीड मिनिटात कापलं जायला हवं. घड्याळ शेजारी बसलेल्याने बघायचं. काटा थोडा जास्त दाखवत असेल तर चालतं, कमी दाखवणं वाईट. टायर मूळ मापाचे नसतील तर फरक पडणारच. परदेशातून आलेल्या जुन्या गाडीची तबकडी मैलांची असेल तर ३० म्हणजे ताशी ४८ किलोमीटर.

नवीन केबल हवी असेल तर येताना जुनी घेऊन या, तुटलेली असली तरी दोन्ही टोकांसकट. लांबी, नट आणि चौकोन जुळवूनच आम्ही केबल देतो. गाडीच्या नुसत्या नावावरून दिलेली केबल बऱ्याचदा चार बोटं आखूड निघते.