गुळाची पोळी मधुमेहात ‘चालते’ का?

‘साखरेची पुरणपोळी नको, गुळाची खा, ती चालते’ असा आग्रह होळीच्या पंगतीत मधुमेह असलेल्यांना हमखास होतो; परंतु गुळातही मुख्यतः साखरच असते आणि त्यातील किंचित लोहामुळे रक्तातील साखर वाढायची थांबत नाही. 100 ग्रॅम गुळातून सुमारे 380 कॅलरी मिळतात, म्हणजे जवळजवळ साखरेइतक्याच. पुरणात गूळ डाळीच्या निम्मा घालून, वेलदोडा-जायफळाने स्वाद आणून, कणकेच्या पारीची अर्धी पोळी खावी आणि त्या जेवणातला भात सोडावा. इन्सुलिन घेणाऱ्यांनी मात्र आधी डॉक्टरांना विचारावे. कमी गुळाचे पुरण लवकर आटते, म्हणून उलथने त्यात उभे राहताच गॅस बंद करावा. कटाच्या आमटीतला गुळाचा खडाही, अर्थात, हिशेबात धरावाच लागतो.