मावशींचा पगार खात्यावर टाकला की टॅक्स लागतो?

कोल्हापुरात ताराबाई पार्कापासून कळंब्यापर्यंत हे सगळीकडे ऐकायला मिळतं: बाळ सांभाळणाऱ्या मावशींना पगार रोखच द्या, खात्यावर टाकला तर दोघांनाही टॅक्स. साफ चूक. कर रकमेवर ठरतो, पैसे कसे दिले यावर नाही. महिना १२ हजार म्हणजे वर्षाला १ लाख ४४ हजार. जुन्या करपद्धतीतली अडीच लाखांची मर्यादासुद्धा लांबच. मग टीडीएस (पगार देतानाच कापून घ्यायचा कर) कापायचा कशाला? (तो पगार तुमच्या नोकरीच्या उत्पन्नातून वजाही होत नाही, तीही आशा सोडा.) ‘आमच्या घरातल्याच आहेत’ म्हटल्यानं मावशी कामगार नाहीत असं होत नाही. घरेलू कामगार कल्याण मंडळाचा राज्याचा कायदा २००८ चा आहे. लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा तर घरकामाच्या ठिकाणालाही लागू आहे.